वॉचडॉग टायमर म्हणजे काय? हँग झालेलं लिनक्स डिव्हाइस स्वतःहून कसं सुरू होतं?

फोन हँग झाला की आपण काय करतो? पॉवर बटण दाबून धरतो. स्क्रीन काळी होते, लोगो येतो आणि मिनिटभरात फोन परत हातात. पण हेच डिव्हाइस शेतात खांबावर, टोलनाक्यावर किंवा डोंगरावरच्या हवामान केंद्रात बसवलेलं असेल तर? तिथे बटण दाबायला माणूस नसतो. अशा डिव्हाइसमध्ये ते काम एक छोटा टायमर करतो. त्याचं नाव वॉचडॉग टायमर.

मी एम्बेडेड लिनक्सवर काम करतो. म्हणजे कॉम्प्युटरसारखे न दिसणारे, पण आतून लिनक्स चालवणारे छोटे बोर्ड. राउटर, स्मार्ट टीव्ही, टोलवरचे रीडर, सेन्सर गेटवे वगैरे. वॉचडॉग काय असतो हे मी कॉलेजमध्ये शिकलो होतो. पण तो चुकीचा लावला तर काय होतं, ते नोकरीत लागल्यावर एका द्राक्षबागेत कळलं. या लेखात दोन्ही गोष्टी सांगतो.

वॉचडॉग टायमर कसा काम करतो?

वॉचडॉग म्हणजे राखणदार कुत्रा. कल्पना अगदी साधी आहे. प्रोसेसरच्या चिपमध्ये (किंवा बाहेर वेगळ्या चिपमध्ये) उलटी मोजणी करणारा एक टायमर असतो. समजा तो १५ सेकंदांवर लावला. १५, १४, १३... अशी मोजणी चालू राहते. तुमच्या सॉफ्टवेअरने दर काही सेकंदांनी त्याला सांगायचं, "मी जिवंत आहे". असं सांगितलं की मोजणी पुन्हा १५ पासून सुरू होते. याला आमच्या भाषेत कुत्र्याला खायला घालणं म्हणतात.

सॉफ्टवेअर अडकलं तर खायला घालणारं कोणी उरत नाही. मोजणी शून्यावर पोचते आणि टायमर थेट प्रोसेसरची रीसेट लाइन ओढतो. बोर्ड परत बूट होतो.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. हा टायमर सॉफ्टवेअरची परवानगी मागत नाही. लिनक्सचा कर्नल पूर्ण गोठला असला तरी हार्डवेअर टायमरची मोजणी चालूच राहते. म्हणून तो शेवटचा आधार.

वॉचडॉगचे प्रकार

- चिपमधला हार्डवेअर वॉचडॉग: बहुतेक एम्बेडेड प्रोसेसरमध्ये असतोच. रास्पबेरी पायच्या चिपमध्येही आहे. त्यातला टायमर एका वेळी जास्तीत जास्त साधारण १५ सेकंद मोजतो.
- बाहेरचा वॉचडॉग: बोर्डवर बसवलेली वेगळी छोटी चिप. मुख्य प्रोसेसरचा क्लॉक बंद पडला तरी ती काम करते. जिथे माणूस पोचायला दिवस लागतात तिथे हाच बरा.
- सॉफ्टवेअर वॉचडॉग: लिनक्समध्ये 'सॉफ्टडॉग' नावाचं कर्नल मॉड्यूल आहे. हार्डवेअर नसेल तेव्हा कामाचं. पण ते स्वतःच कर्नलच्या आत चालतं, त्यामुळे कर्नल पूर्ण गोठला तर तेही गोठतं.

लिनक्समध्ये तो कसा दिसतो?

लिनक्समध्ये बरीचशी हार्डवेअर फाइलसारखी दिसतात. वॉचडॉगही तसाच. 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'वॉचडॉग' नावाची फाइल असते. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडली की टायमर सुरू. तिच्यात काहीही लिहिलं की कुत्र्याला खायला मिळालं.

टायमर थांबवायचा असेल तर फाइल बंद करण्याआधी कॅपिटल 'व्ही' हे अक्षर लिहावं लागतं. याला 'मॅजिक क्लोज' म्हणतात. प्रोग्रॅम क्रॅश होऊन फाइल आपोआप बंद झाली आणि त्यामुळे टायमरही थांबला, असं होऊ नये म्हणून ही सोय. ड्रायव्हरमध्ये 'नो वे आउट' हा पर्याय चालू केला तर 'व्ही' लिहूनही टायमर थांबत नाही. एकदा सुरू झाला की झाला. शेतात जाणाऱ्या डिव्हाइसवर आम्ही हा पर्याय चालू ठेवतो.

आजकाल ही फाइल आपण स्वतः उघडायची गरज सहसा नसते. बहुतेक लिनक्समध्ये 'सिस्टिमडी' नावाचा पहिला प्रोसेस असतो, जो बाकी सगळ्या सर्व्हिसेस सुरू करतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'रनटाइम वॉचडॉग सेक' ही सेटिंग भरली की तो स्वतः हार्डवेअर टायमर सुरू करतो आणि ठरवलेल्या वेळेच्या निम्म्या अंतराने त्याला खायला घालतो.

आता प्रश्न असा की सिस्टिमडी जिवंत आहे, पण तुमचा प्रोग्रॅम अडकलाय. मग? त्यासाठी दुसरा थर आहे. तुमच्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'वॉचडॉग सेक' लिहायचं. मग त्या सर्व्हिसने ठरलेल्या वेळेत सिस्टिमडीला "मी जिवंत" असा निरोप पाठवायला हवा. निरोप आला नाही तर सिस्टिमडी ती सर्व्हिस मारतो आणि रीस्टार्टची सेटिंग असेल तर परत सुरू करतो. वारंवार सुरू करूनही जमत नसेल तर पूर्ण बोर्ड रीबूट करायलाही सांगता येतं.

म्हणजे साखळी अशी होते: हार्डवेअर सिस्टिमडीवर लक्ष ठेवतं आणि सिस्टिमडी तुमच्या प्रोग्रॅमवर. मग तुमच्या प्रोग्रॅममध्ये "मी जिवंत" हे नक्की कोणती ओळ म्हणते? माझी चूक नेमकी इथेच झाली.

माझी पहिली चूक: कुत्रा खुश, काम बंद

मी तेव्हा ज्या छोट्या कंपनीत होतो, ती द्राक्षबागांसाठी सेन्सर गेटवे बनवायची. लिनक्स बोर्ड, फोर-जी मोडेम आणि तीन सेन्सर: तापमान, हवेतली आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजणारा. नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांना हा तिसरा आकडा फार महत्त्वाचा. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटी असतात, आणि पानं तासन् तास ओली राहिली की डावणीची भीती. फवारणी कधी घ्यायची ते त्यावर ठरतं.

गेटवेमध्ये वॉचडॉग होता आणि तो मीच लिहिला होता. कोडमध्ये एक वेगळा थ्रेड होता. त्याचं काम एकच, दर ५ सेकंदांनी सिस्टिमडीला निरोप पाठवणं. टेस्टिंगमध्ये मी पूर्ण प्रोग्रॅम गोठवून पाहिला, बोर्डचा कर्नल क्रॅश करून पाहिला, दोन्ही वेळा डिव्हाइस उठलं. मी खुश.

मग नोव्हेंबरमध्ये एका काकांचा फोन आला. "साहेब, तीन दिवस झाले, तुमच्या ॲपवर पान कोरडंच दाखवतंय. इकडे रोज पहाटे बाग दवाने थबथबलेली आहे."

मी ऑफिसमधून लॉगिन केलं. बोर्ड चालू होता. अपटाइम कितीतरी दिवसांचा. प्रोग्रॅम चालू. मग बागेवर जाऊन पाहिलं, हिरवी लाइटसुद्धा नीट लुकलुकत होती. फक्त सेन्सर वाचणारा थ्रेड तीन दिवसांपूर्वी एका ओळीवर अडकला होता. ओलाव्यामुळे केबलवर गडबड झाली, सेन्सरचं उत्तर अर्धवट आलं, आणि माझा कोड उरलेल्या बाइट्सची वाट पाहत बसला. त्या ओळीला टाइमआउटच नव्हता. शेजारी खायला घालणारा थ्रेड मात्र इमानेइतबारे दर ५ सेकंदांनी सांगत होता, "सगळं ठीक आहे".

ॲपचीही चूक होती. शेवटचा आकडा मोठ्या अक्षरात दिसायचा, पण तो कधीचा आहे हे कुठेच दिसायचं नाही. काकांनी पहिले दोन दिवस मशीनवर विश्वास ठेवला आणि फवारणी लांबवली. त्या प्लॉटमध्ये डावणी आलीच, काही घड गेले. मला ते एका शब्दाने वाईट बोलले नाहीत. चहा दिला आणि विचारलं, "मशीन बंद पडलं तर ते सांगत का नाही?" गाडीत बसल्यावर मी तोच प्रश्न स्वतःला विचारत होतो. डिव्हाइस पूर्ण बंद पडलं असतं तर ॲपवर ऑफलाइन दिसलं असतं आणि काकांनी स्वतः बागेत जाऊन ठरवलं असतं. माझ्या वॉचडॉगने त्यांना चालू असल्याचा भास दिला.

माझी दुसरी चूक: जास्तच कडक कुत्रा

परत आल्यावर मी घाईत उलट टोकाला गेलो. नवीन नियम केला: रीडिंग सर्व्हरवर यशस्वी पोचलं तरच खायला घालायचं.

महिनाभर छान चाललं. मग एका रात्री त्या भागातला मोबाईल टॉवर बंद पडला. सर्व्हरपर्यंत काही पोचेना, कुत्रा उपाशी, बोर्ड रीबूट. उठल्यावर परत तेच. रात्रभर हे चक्र चालू होतं. बोर्ड नीट, सेन्सर नीट, फक्त टॉवर नव्हता, आणि रीबूट करून टॉवर येणार नव्हता. वर मेमरीत पाठवायची थांबलेली रीडिंग प्रत्येक रीबूटला पुसली जात होती. म्हणजे यावेळी डेटा मारला तो वॉचडॉगनेच.

मग खायला कधी घालायचं?

या दोन चुकांमधून माझा एक नियम ठरला. वॉचडॉगने "जग ठीक आहे का" हे पाहायचं नाही. "माझा कोड पुढे सरकतोय का" एवढंच पाहायचं. आता मी असं करतो:

१. प्रत्येक महत्त्वाचा थ्रेड (सेन्सर वाचणारा, डेटा साठवणारा, पाठवणारा) आपली एक फेरी पूर्ण झाली की त्या वेळेची नोंद करतो.

२. खायला घालणारा थ्रेड सगळ्यांच्या नोंदी तपासतो. एकाचीही नोंद ठरलेल्या वेळेपेक्षा जुनी असेल तर निरोप पाठवत नाही. उदाहरणार्थ, सेन्सर दर १० मिनिटांनी वाचायचा असेल तर २५ मिनिटांपर्यंत सूट.

३. 'फेरी पूर्ण' म्हणजे 'उत्तर बरोबर' असं नाही. सेन्सरची केबल तुटली आणि कोडला एरर मिळाला, तरी फेरी पूर्ण झाली. तो एरर सर्व्हरला कळवायचा आणि ॲपवर दाखवायचा. रीबूटने केबल जोडली जात नाही.

४. वाट पाहणाऱ्या प्रत्येक ओळीला टाइमआउट द्यायचा. वॉचडॉग आहे म्हणून हे टाळायचं नाही.

५. नेटवर्क गेलं तर आधी फक्त कनेक्शन नव्याने जोडायचं, मग मोडेमची पॉवर बंद-चालू करायची, आणि कित्येक तास काहीच जमलं नाही तरच बोर्ड रीबूट. तोपर्यंत रीडिंग फाइलमध्ये साठवत राहायची.

रीबूट म्हणजे इलाज नाही

वॉचडॉगचा रीसेट म्हणजे धावत्या डिव्हाइसची वायर उपटण्यासारखंच. त्यामुळे आणखी चार गोष्टी लागतात.

मेमरी कार्ड सांभाळा. फाइल लिहिताना रीसेट झाला तर ती अर्धवट राहू शकते. म्हणून मुख्य सिस्टिमचं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं ठेवतात. डेटा आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितात, तो कार्डवर पोचल्याची खात्री करतात आणि मग फाइलचं नाव बदलतात.

बूट लूप थांबवा. नवीन अपडेटमध्येच बिघाड असेल तर डिव्हाइस उठेल, पडेल, परत उठेल. 'यू-बूट' या बूटलोडरमध्ये किती वेळा बूट झालं ते मोजायची सोय आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की तो दुसरा मार्ग घेतो, म्हणजे दुसऱ्या पार्टिशनवरची जुनी, चालणारी सिस्टिम सुरू करता येते.

कर्नल पॅनिकची सेटिंग बघा. पॅनिक झाल्यावर कर्नल मूळ सेटिंगनुसार तसाच थांबून राहू शकतो. किती सेकंदांनी रीबूट व्हायचं हे त्याला सांगून ठेवता येतं.

कारण लिहून ठेवा. मागचा रीसेट वॉचडॉगमुळे झाला का, हे अनेक ड्रायव्हर बूटनंतर सांगतात. 'पीस्टोअर' नावाच्या सोयीने कर्नलचे शेवटचे मेसेज रीबूटनंतरही वाचता येतात. आमचं डिव्हाइस आता उठल्यावर पहिला निरोप हाच पाठवतं: मी का पडलो होतो. हे नसेल तर रोज पाच वेळा रीबूट होणारं डिव्हाइसही बाहेरून ठणठणीत वाटतं.

अंतराळातली दोन उदाहरणं

खांबावरच्या बोर्डपेक्षा अवघड जागा म्हणजे अंतराळ. १९९४ मध्ये अमेरिकेचं क्लेमेंटाइन यान चंद्राचा नकाशा करून पुढे एका लघुग्रहाकडे जाणार होतं. ७ मे रोजी त्याच्या एका कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला आणि एक थ्रस्टर इंधन संपेपर्यंत चालू राहिला. यान मिनिटाला सुमारे ८० फेऱ्या या वेगाने गरगरत राहिलं आणि लघुग्रहाची भेट रद्द झाली. त्याच्या प्रोसेसरमध्ये वॉचडॉगची सोय होती, पण ती वापरलेली नव्हती.

दुसरं उदाहरण मार्स पाथफाइंडरचं. हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी स्वतःहून रीसेट होऊ लागलं. कमी महत्त्वाच्या कामाने एक कुलूप धरून ठेवल्यामुळे महत्त्वाचं काम वेळेत संपत नव्हतं. वेळ चुकल्याचं लक्षात आलं की सिस्टिम रीसेट होत होती. यान हातातून गेलं नाही. पृथ्वीवर इंजिनिअर्सनी तीच परिस्थिती पुन्हा घडवून खरं कारण शोधलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. इथे रीसेटमुळे वेळ मिळाला, पण बग शोधावा लागलाच.

तुमच्या फोनमध्येही आहे

अँड्रॉइड लिनक्स कर्नलवरच चालतं. तुम्ही स्क्रीनला टच केलं आणि ॲपने ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही की 'ॲप रिस्पॉन्ड करत नाही' असा मेसेज येतो. तीही वेळेवर लक्ष ठेवण्याचीच पद्धत. त्याच्या आत 'सिस्टिम सर्व्हर' हा मोठा प्रोसेस असतो आणि त्याच्यावर अँड्रॉइडचा स्वतःचा वॉचडॉग असतो. महत्त्वाचे थ्रेड साधारण मिनिटभर अडकले तर तो सिस्टिम सर्व्हर मारून परत सुरू करतो. कधी फोन पूर्ण बंद न होता फक्त बूट ॲनिमेशन दिसून लॉक स्क्रीन येते, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

सतत विचारले जाणारे प्रश्न

वॉचडॉगची वेळ किती ठेवावी?
तुमचं सर्वात लांब नेहमीचं काम जेवढा वेळ घेतं त्यापेक्षा बरीच जास्त. फार कमी ठेवली तर बोर्डवर लोड आला तरी उगाच रीसेट होईल. बूटलोडरपासूनच टायमर चालू करणार असाल तर पूर्ण बूट व्हायला लागणारा वेळही धरा.

घरी रास्पबेरी पायवर करून पाहता येईल का?
हो. सिस्टिमडीच्या कॉन्फिगमध्ये वेळ १० सेकंद ठेवा, रीबूट करा आणि मग मुद्दाम कर्नल क्रॅश करा. लिनक्समध्ये त्यासाठी 'सिसरिक्यू' नावाची सोय आहे. आधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप नक्की घ्या.

टेस्टिंग कसं करावं?
फक्त पूर्ण प्रोग्रॅम मारून पाहू नका. एकेक थ्रेड वेगळा अडकवून पाहा. सेन्सरची केबल काढा, अर्धवट उत्तर पाठवा, सिम काढा, चालू असताना पॉवर उपटा. मी यातली पहिली गोष्ट केली असती तर तो नोव्हेंबर वेगळा गेला असता.

वॉचडॉग असेल तर बग राहिले तरी चालतील का?
नाही. वॉचडॉग तुम्हाला तिथे जाण्याचा हेलपाटा वाचवतो, बग नाही.

काकांच्या बागेत आमचा गेटवे पुढेही चालू राहिला. ॲपमध्ये आता प्रत्येक आकड्याखाली तो किती मिनिटांपूर्वीचा आहे ते दिसतं, आणि ३० मिनिटांपेक्षा जुना असेल तर आकडा दिसतच नाही. त्याजागी लिहिलेलं येतं: 'सेन्सर बंद आहे, बाग स्वतः बघा.' ही ओळ कशी असावी ते काकांनीच सांगितलं.